देवकीची जागा

हे ऐकीव नाही. मी त्या घरात होते, त्या खोलीत होते. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. आमच्या घरातही अर्ध्यांना पटत नाही.

मे १९७७. नागपूर, गांधीबाग.

आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्याने काढली आहे त्याला वेगळं सांगायला नको. बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कापडाच्या दुकानांत गादीवरच माणसं आडवी होतात. रात्री निदान चौकीदाराची शिट्टी तरी ऐकू येते.

दुपारी तीही नसते.

माझं नाव सुहासिनी. तेव्हा मी त्या घरातली नवीनच सून होते. आम्ही एका कापडाच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. जिना मागच्या बोळात उतरायचा. त्या जिन्यावर दुसरं कुणाचं दार नव्हतं. जो पाय वाजेल तो आमच्याकडेच येणारा.

घरात आम्ही चौघं. माझे यजमान गिरिधर, ते सकाळीच कचेरीत जायचे. सासूबाई, यमुताई, जेवण झालं की आतल्या खोलीत झोपायच्या. आणि माझी धाकटी नणंद नीला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी सुरुवातीला तिला अहो-जाहो करायचे, तर तिनंच मला दटावलं. "वहिनी, तू म्हणा हो मला. म्हातारी करून राहिल्या तुम्ही."

अशी मोकळी मुलगी.

पण तिला मैत्रीण एकच. देवकी.

देवकी हुडकेश्वरची. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे शुद्ध गाव होतं, सगळीकडे शेतं. वडील लहानपणीच गेलेले. घरात ती आणि तिची माय रंभाबाई. देवकी वडिलांची उंच काळी सायकल चालवत तिथून कॉलेजला यायची. मधला दांडा असलेली पुरुषी सायकल. लोक वळून बघायचे. तिला काही फरक पडायचा नाही.

कॉलेज सुटलं की ती आमच्याकडे. बोळात सायकल स्टँडवर लागायची... खट्. मग जिन्यावर तिची पावलं. धाडधाड यायची, पण मधल्या वळणावर जरा थांबायची. श्वास घ्यायला.

तिचं नीलावर फार प्रेम होतं. पण ते प्रेम कसं होतं, ते सांगते.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी एकदा नीलाची वेणी घालत बसले होते. देवकी आली. दारातच उभी राहिली. मग सरळ आली आणि माझ्या हातातून फणी काढून घेतली.

"द्या इकडं. तुम्हाले नाही जमत."

तोंडाने हसत होती. डोळे हसत नव्हते.

तिने माझी घातलेली वेणी पुरती सोडली आणि नव्याने घातली. घट्ट. इतकी घट्ट की नीलाचे डोळे ओढले गेले.

मी मनात म्हटलं, ही पोरगी उद्या नीलाच्या नवऱ्यालाही तिच्या जवळ येऊ देणार नाही.

---

त्या दोघींना सिनेमाचं वेड होतं. बघण्याचं नाही, लिहिण्याचं. दहा मिनिटांचा एक छोटा सिनेमा लिहायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. देवकी खिडकीखाली भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटायची आणि बोलायची. नीला समोर बैठ्या मेजावर लिहून घ्यायची.

गोष्ट देवकीची होती. गावातली एक मुलगी भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, बापाची सायकल चोरून काढते आणि शिकते. आधी दांड्याखालून पाय घालून, कैची. पडते, उठते. कुणी बघत नाही. शेवटी सीटवर बसून गावाबाहेर निघून जाते. बस्स.

मला ऐकूनच आवडली होती.

ती गोष्ट पटकथेसारखी कशी लिहायची, हे मात्र त्यांना शिकवलं अनंतने. अनंत त्यांच्याच वर्गातला. त्याने कुठेतरी खरी पटकथा हातात घेऊन पाहिली होती. तो आला, कागद घेतला आणि त्याला मधोमध घडी घातली.

"डावीकडे जे दिसतं ते. उजवीकडे जे ऐकू येतं ते. प्रत्येक दृश्याला नंबर. घरातलं का बाहेरचं, दिवस का रात्र, ते वर लिहायचं."

मग त्याने पहिलं पान वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

"'तिला खूप वाईट वाटलं.' हे काढा. वाईट वाटलेलं पडद्यावर दिसत नाही. ती काय करते ते लिहा."

नीलाला ते एकदम पटलं. तिचा चेहराच उजळला. दोघं त्या ओळीवर बोलत बसले.

देवकी खिडकीखालून त्या दोघांकडे बघत होती.

तो गेल्यावर म्हणाली, "त्याले काय समजते वं सायकल? स्कूटरवर फिरते तो."

"अगं, शिकवतो आहे तर शिकू ना."

"तू शीक. मले नाही गरज."

त्या दिवशी ती चहा न घेता गेली.

---

१९७६च्या पावसाळ्यात देवकीला कावीळ झाली. मी नीलासोबत हुडकेश्वरला तिला बघायला गेले होते. पडवीत बाजेवर पडली होती. डोळे हळदीसारखे. रंभाबाई तिच्या पायाशी बसून होती. आम्ही गेलो तरी उठली नाही.

देवकीने नीलाचं मनगट धरलं.

"नीले, तू लिहून तं नाही राहिली ना?"

"नाही गं. तू बरी हो. मग दोघी मिळून लिहू."

"त्या अनंतासंगं बसशील तं मले समजन."

"वेडी आहेस का?"

"मले समजन हा."

रंभाबाई हे सगळं ऐकत होती. तिच्या मांडीवर देवकीचे पाय होते, पण देवकीने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. हे मला तेव्हाच खटकलं होतं.

त्याच आठवड्यात देवकी गेली.

नीला कितीतरी दिवस धड जेवली नाही. पटकथेचे कागद तिने ट्रंकेत टाकले.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली. विद्यार्थ्यांनी लिहिलेली एक पटकथा निवडून तिच्यावर खराखुरा सिनेमा करणार होते. कॅमेऱ्याने, फिल्मवर. पटकथा टाइप केलेलीच हवी.

अनंत घरी आला.

"नीला, देवकीची गोष्ट ट्रंकेत ठेवून काय होणार? तिचं नाव सगळ्यात वर टाकू. सिनेमा झाला तर तीच खूश होईल."

नीला नाही म्हणत होती. मग रडली. मग हो म्हणाली.

अनंतच्या काकांकडे मराठी टाइपरायटर होता. परीक्षा संपल्यावर तो स्कूटरवर बांधून घेऊन आला. आम्ही मेज खोलीच्या मध्ये ओढलं. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, त्यावर पाणी मारलं. नीला मशीनसमोर बसली.

आणि अनंत खिडकीखाली. भिंतीला टेकून.

मला बोलावंसं वाटलं, तिथे नको बसू. पण काय कारण सांगणार होते?

---

पहिले दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. अनंत वाचायचा, नीला टाइप करायची. मी बाजूला तांदूळ निवडत बसायचे. दोघांची नजरानजर व्हायची, दोघं हसायची. मला कळत होतं सगळं. मला बरं वाटत होतं.

मग अनंतने एक नवीन दृश्य आणलं.

"शेवट जरा कोरडा आहे," तो म्हणाला. "यात एक मुलगा येऊ दे. तो मागून कॅरियर धरतो. तिला शिकवतो. मग हात सोडतो आणि ती एकटी पुढे जाते. बघणाऱ्यांना आवडेल."

नीलाने मान हलवली.

"देवकीच्या गोष्टीत कुणी नाही रे. तेच तर आहे."

"एकदा टाइप करून तर बघ. नाही आवडलं तर काढू."

तिने नवा कागद चढवला. दृश्याचा नंबर टाइप केला. 'बाहेर. दिवस.'

तेवढ्यात खाली बोळात...

खट्.

सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज.

मी नीलाकडे पाहिलं. तिचे हात मशीनवर तसेच राहिले.

जिन्यावर पावलं... धाडधाड... मधल्या वळणावर आली...

आणि थांबली.

"कुणीतरी आलं," अनंत म्हणाला.

आम्ही तिघंही दाराकडे बघत राहिलो. पावलं पुढे आली नाहीत. खालीही गेली नाहीत.

मी उठून जिन्यात पाहिलं. कुणी नव्हतं. खाली बोळात पाहिलं. सायकलही नव्हती. ऊन नुसतं पांढरं पडलं होतं.

"गोदामातला हमाल असेल," मी म्हटलं.

पण गोदामाचा रस्ता पुढून होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

नीला पुन्हा टाइप करायला लागली. मी तांदळाचं ताट उचललं.

आणि माझ्या लक्षात आलं... मला काही ऐकू येत नव्हतं.

टाइपरायटरचा आवाज बंद होता. पण नीलाची बोटं चालत होती. अक्षरांच्या दांड्या वर येत होत्या, कागदावर आपटत होत्या. आवाज नाही. डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचाही आवाज नाही. अनंतचे ओठ हलत होते.

कानात कापूस कोंबल्यासारखं झालं.

फक्त एकच आवाज येत होता.

जिना चढून आलेल्या माणसाच्या श्वासाचा...

तो खिडकीखालून येत होता. अनंतच्या अगदी शेजारून.

माझ्या हातातून ताट पडलं. ते आपटल्याचा आवाज झाला, आणि त्याबरोबर सगळे आवाज परत आले. पंखा, मशीन, आतून सासूबाईंचं घोरणं.

नीला मशीनवरून हात काढून बसली होती. अनंतकडे ती बघतच नव्हती. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

घाबरून नाही.

लहान मूल आई दिसल्यावर बघतं ना... तसं.

---

दुसऱ्या दिवशी अनंत आला तेव्हा त्याचे डोळे पिवळे होते.

तिसऱ्या दिवशी आलाच नाही. ताप होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली. कावीळ नाही म्हणाले. रक्तात काहीच नव्हतं. पण डोळे हळदीसारखे झाले होते, आणि तापात तो एकच सांगत होता, "ती जागा माझी नाही. मला तिथे बसवू नका."

हे त्याच्या काकूंनी आम्हाला सांगितलं. कोणती जागा, ते त्यांना कळत नव्हतं.

नीला त्याला बघायला गेली नाही. मी म्हटलं, चल, मी येते सोबत. तर म्हणाली, "नको. तिला आवडणार नाही."

"कुणाला?"

तिने मशीनमध्ये नवा कागद चढवला.

आता ती एकटीच टाइप करायची. दुपारी सगळं शांत झालं की बोळात सायकल लागायची. जिन्यावर पावलं यायची. पहिल्यांदा वळणापर्यंत. मग दारापर्यंत. मग...

मग दार न वाजता नीला म्हणायची, "ये."

आणि टाइप करता करता मध्येच थांबायची. मान तिरपी करून ऐकायची. हसायची. एक ओळ खोडायची, नवी लिहायची. अनंतचं दृश्य तिने केव्हाच फाडून टाकलं होतं.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "उन्हाचा त्रास होऊन राहिला तुला. पन्हं पीत जा."

मग माझी पाळी आली.

त्या दिवशी नीलाने केस धुतले होते. मला म्हणाली, वहिनी, वेणी घालून देता का? मी मनातून खूश झाले. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी धड बोलली होती. मी एक सैल वेणी घातली. ती तिथेच चटईवर आडवी झाली. लगेच डोळा लागला तिचा.

मी पाणी प्यायला आत गेले. माठातून एक पेला घेतला, इतकाच वेळ.

बाहेर आले तर...

नीला तशीच झोपलेली. कुशीवर.

पण केसांच्या दोन वेण्या होत्या. तेल चोपडून, घट्ट घातलेल्या. वर बांधलेल्या. लाल फितीने.

आमच्या घरात लाल फीत नव्हती.

आणि माझी फणी दाराजवळ पडली होती. दोन तुकडे होऊन.

मी फणी उचलायला वाकले. माझ्या अगदी कानाजवळून कुणीतरी गेलं. कपड्याचा स्पर्श झाला. खोबरेल तेलाचा वास आला.

त्या दिवसापासून मी नीलाच्या जवळ बसणं सोडलं. त्या खोलीत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

---

आमच्याकडे दूध हुडकेश्वरच्या नत्थूजींचं यायचं. सासूबाईंनी त्यांच्याजवळ बोलून टाकलं. देवकीच्या मायला सांगा म्हणाल्या, काही शांती वगैरे करायची असेल तर करा म्हणावं.

दोनच दिवसांत, दुपारी, जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, जड पावलं. दार वाजलं.

रंभाबाई होती. उन्हातून आलेली. चेहरा काळाठिक्कर पडलेला, हातात जुनी छत्री. मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

"इथी येते म्हणे माही देवकी."

नीला मशीनसमोर मान खाली घालून बसली होती.

"खरं सांग वं नीले. येते?"

"हो, मावशी."

"रोज?"

"हो."

मला वाटलं बाई आता रडेल, नाहीतर आमच्यावर ओरडेल. ती खाली बसली. बराच वेळ पदराने हात पुसत राहिली. हातांना काही लागलेलं नव्हतं.

"मी माय आहे तिची," ती म्हणाली. "रोज दुपारी दार उघडं ठेवतो मी. ताट वाढून झाकून ठेवतो. एक डाव नाही आली. स्वप्नातबी नाही आली. अन् इथी रोज येते? काहून? माह्यात काय कमी होतं?"

"मी बोलावत नाही हो तिला."

"बोलावत नाही तरी येते." रंभाबाई हसली. ते हसू मला अजून आठवतं. "तेच तं दुखते ना, माय."

सासूबाई म्हणाल्या, "रंभाबाई, पोरीच्या जातीला काय काय होऊन राहिलं..."

"थांबा जी. मी बसतो इथीच. मले पाहू द्या."

ती बसली. आम्हीही बसलो. वाळ्याचा पडदा सुकत आला होता. पाणी मारायला कुणी उठलं नाही.

मग खाली बोळात...

खट्.

सासूबाईंनी माझा हात धरला.

जिन्यावर पावलं. धाडधाड. वळणावर थांबली. पुन्हा आली... दारात आली... खोलीत आली. फरशीवर अनवाणी पाय वाजतात तसा आवाज. आमच्या समोरून गेला. रंभाबाईच्या अगदी जवळून गेला.

आणि नीलाजवळ जाऊन थांबला.

आम्ही तिघींनीही ऐकलं.

रंभाबाई दाराकडेच बघत होती. तशीच वाट बघत.

"अजून नाही आली?" तिने विचारलं.

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

नीला हळूच म्हणाली, "मावशी... आली आहे. इथे. माझ्याजवळ बसली आहे."

"कुठी?"

नीलाने हात दाखवला.

रंभाबाई गुडघ्यांवर रांगत गेली. त्या रिकाम्या जागेसमोर बसली. हात पुढे केला, चाचपला. हवेत फिरला तो हात. काही लागलं नाही.

"मले काहून नाही दिसत वं? तुम्हाले साऱ्यायले ऐकू येते, मलेच काहून नाही?" मग त्या जागेला म्हणाली, "देवके. बाप्पा, किती राग करतं मायचा? घरी चाल. मी काही नाही म्हणत तुले. नुसती घरी चाल. तिचं आपलं घर आहे, माय आहे, वहिनी आहे. उद्या लग्न होईन तिचं. मले कोण आहे?"

खोलीत काहीच हललं नाही.

"हिचं लग्न झालं का तुले कोण जवळ घेईन? त्या पोट्ट्याले पाहिलं ना? अजून येतीन तसे. मी तं कुठी जात नाही. मी तिथीच आहो."

रंभाबाई हात पुढे करून तशीच बसून राहिली.

मग नीला एकदम ताठ झाली.

"वहिनी," ती म्हणाली. "ती उठली."

रंभाबाईने ते ऐकलं. ती उभी राहिली. हात बाजूला धरला, बोटं वळवली. कुणाचं तरी मनगट पकडावं तशी.

"चाल," म्हणाली. आणि आमच्याकडे वळूनही न बघता जिना उतरली.

पावलं एकटीचीच वाजली.

मी धावत खिडकीशी गेले. पडदा बाजूला केला. रंभाबाई बोळातून चालली होती. छत्री उघडली होती तिने. पण स्वतःवर धरली नव्हती. शेजारी धरली होती. स्वतः उन्हात, आणि सावली शेजारच्या मोकळ्या जागेवर.

---

त्या दिवसानंतर आमच्याकडे कुणी आलं नाही.

अनंतचा ताप उतरला. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. तो एकदा येऊन मशीन घेऊन गेला. दारातूनच. आत पाऊल ठेवलं नाही. त्याआधी नीलाने पटकथा पुरी केली होती. देवकीची होती तशीच, मुलगी एकटी शिकते आणि एकटी निघून जाते. वर दोघींची नावं. पुढे काही महिन्यांनी ती निवडली गेली, सिनेमाही झाला. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. नीला बघायला गेली नाही.

मशीन गेलं तेव्हा मला वाटलं होतं, आता ती सुटली.

पण ती वाळत चालली. दुपार झाली की जिन्याकडे कान लावून बसायची. बोलता बोलता मध्येच म्हणायची, "तिथे काय करत असेल? रंभाबाईला तर ऐकूही येत नाही. मग कशाला नेलं?"

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. जळफळाट होता.

शेवटी मृग लागायच्या आधी एक दिवस म्हणाली, "वहिनी, मला हुडकेश्वरला घेऊन चला. नाहीतर मी एकटी जाईन."

आम्ही उमरेड रोडवर बसमधून उतरलो आणि आत चालत गेलो. डोक्याला दुपट्टे बांधलेले, तरी कान भाजत होते. गावात सामसूम. रंभाबाईचं दार बंद होतं.

दार वाजवल्यावर तिने ते फटीएवढं उघडलं.

मी तिला ओळखलंच नाही आधी. महिन्याभरात बाई भरली होती. चोपून तेल लावलेले केस, स्वच्छ लुगडं. तोंडावर तजेला.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच झोपली."

नीलाचा चेहरा पांढरा पडला. "मला एकदा बघू द्या."

"काय पाहाचं आहे? इतके दिवस तुह्याचपाशी होती ना?"

"एकदाच, मावशी. मी लगेच जाते."

"नाही. तू दिसली का ते तुह्या मांगं येईन. मले ठाऊक आहे माही पोर." तिचा आवाज एकदम कडक झाला. "पुन्हा नको येऊ."

दार बंद झालं. आतून कडी लागली.

नीलाने दारावर दोन्ही हात आपटले. आणि त्या सुनसान दुपारी, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"देवकी!"

मी बाजूच्या खिडकीजवळ उभी होते. खिडकीच्या एका फळीला चीर होती. मी डोळा लावला. का लावला, देव जाणे.

आत बाज होती. बाजेवर गोधडी. एवढ्या उकाड्यात डोक्यापर्यंत ओढलेली. तिच्याखाली कुणीतरी झोपल्यासारखा उंचवटा होता. उशा असतील, मी म्हटलं. बाईने उशा ठेवून समाधान करून घेतलं असेल.

नीलाने दुसऱ्यांदा हाक मारली.

"देवकी!"

आणि गोधडी... उठून बसली.

डोक्यावरून घेतलेली तशीच. दाराकडे वळली.

रंभाबाई धावत बाजेजवळ आली. तिने दोन्ही हातांनी त्या गोधडीचे खांदे धरले आणि खाली दाबलं. पुन्हा ते उठायला लागलं. तिने पुन्हा दाबलं. मग त्यावर आडवी पडली, सगळ्या अंगाचा भार टाकून. तोंडाने अंगाई म्हणत होती.

मी तिथून सरकले.

नीला बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. मग आपणच उठली. बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिने ऐकलं, वहिनी. ऐकूनही आली नाही. आता ती मायचीच झाली."

चिरीतून पाहिलेलं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती धावत्या बसमधून उतरली असती.

नीलाचं पुढे लग्न झालं. संसार झाला. आज नातवंडं आहेत. पुन्हा तिने कधी काही लिहिलं नाही, आणि देवकीचं नाव काढलं तर तोंड फिरवते. अजून राग आहे तिला. आपल्याला सोडून गेली म्हणून.

रंभाबाई खूप वर्षं जगली म्हणतात. तिने मरेपर्यंत ती खोली कुणाला उघडून दाखवली नाही. नंतर ते घर पडलं. तिथे आता प्लॉट पडले, घरं झाली, लोक राहतात.

गोधडीखाली काय होतं, मला माहीत नाही.

पण ते उठत होतं... त्याला यायचं होतं.